पाणी, गोंद आणि कोरा कागद

शाळेत चित्रकलेच्या तासाला ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगितले की आम्ही सगळी मुले एकच चित्र काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, वळणे घेत खाली येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चार पक्षी. वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहिले तर यातले काहीच दिसत नसे. बाहेर सपाट बांध्या होत्या, कापलेल्या धानाची पुंजणी होती, मोहाची झाडे होती आणि त्यांच्या पलीकडे तलावाची लांबच लांब पाळ. नारळाचे झाड आमच्यापैकी कित्येकांनी तोवर पाहिलेही नव्हते. पण खिडकीबाहेरचेच कागदावर आणायचे असते, हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही.

आमच्या पूर्व विदर्भातल्या माणसाला रंगवलेला निसर्ग आणखी एका ठिकाणी भेटतो, तो नाटकाच्या पडद्यावर. दिवाळी उलटली, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा आणि थोडी सवड असते. अंगावर शाल घेऊन लोक रात्रभर बसतात आणि समोर एकामागून एक पडदे बदलत जातात : बाग, राजवाडा, घनदाट जंगल, गावाकडची वाट. त्या पडद्यांवर माझे लहानपणापासून प्रेम आहे. रात्रीच्या दिव्यांत दूरवरच्या प्रेक्षकालाही दिसावेत म्हणून ते भडक रंगवावे लागतात आणि त्या कामाला मोठे कसब लागते. तरीही पडद्यावरचे जंगल हे कुठलेही जंगल असते आणि तिथली नदी कुठलीही नदी. नाटकाला तेवढे पुरते. जागेला मात्र ते पुरत नाही.

म्हणून ही वही. हिच्यात चित्रे नाहीत. या प्रस्तावनेनंतरची सगळी पाने कोरी आहेत, आणि ती हिवाळ्यात गोंदिया जिल्ह्यात बसून जलरंगात निसर्गचित्र काढणाऱ्यासाठी ठेवली आहेत. तो गोंदियातलाच असेल, नागपूरहून सुट्टीत आलेला असेल किंवा पुण्या-मुंबईहून तलाव आणि पक्षी पाहायला आलेला असेल. हिवाळाच का, जलरंगच का आणि हाच जिल्हा का, एवढे तीन प्रश्न मला या पानांत उलगडायचे आहेत.

आधी जलरंगाचे पाहू. जलरंग म्हणजे रंगाची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा डिंक आणि पाणी. डिंक बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. तो पाण्यात विरघळतो आणि पाणी उडून गेले की रंगाचे कण कागदाच्या तंतूंना चिकटवून ठेवतो. वडी वाळून खडखडीत होऊ नये म्हणून तिच्यात मध किंवा ग्लिसरीन घालतात. तेलरंगाला कापड, चौकट, तेल आणि वाळायला दिवस लागतात. जलरंगाला खिशात मावेल एवढी पेटी, दोन कुंचले, कागद आणि जवळपास पाणी असले की झाले. आपल्याकडच्या लघुचित्रांच्या कारागिरांनीही रंग बांधायला बाभळीचा आणि धावड्याचा डिंक वापरला होता. थंडीत आपल्या घरात लाडवांत पडणारा तो हाच डिंक.

आता आमच्या जिल्ह्याचे नाव पाहा. गोंड लोक रानातून गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख गोळा करून इथे विकायला आणत, त्यावरून गावाला गोंदिया म्हणू लागले, असे जुनी माणसे सांगतात. पाण्याबद्दल तर सांगायलाच नको. हा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जातो. ज्या दोन वस्तूंवर जलरंग उभा आहे, त्यांतली एक या भूमीच्या नावात आहे आणि दुसरी हिच्या अंगाखांद्यावर पसरलेली आहे. हा योगायोग मला फार दिवसांपासून खुणावतो आहे.

जलरंग हे प्रवाशाचे माध्यम झाले त्यालाही इतिहास आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या लष्करी विद्यालयांत चित्रकला शिकवली जाई, कारण मुलखाचा उंचसखलपणा, नदीचे वळण, किल्ल्याची बाजू कागदावर उतरवणे हे अधिकाऱ्याचे काम होते. लंडनच्या रीव्ह्ज बंधूंना पाण्यात सहज विरघळणाऱ्या रंगाच्या वड्यांसाठी १७८१ मध्ये तिथल्या कलासंस्थेने गौरवले. पुढे ओलसर राहणाऱ्या वड्या आल्या आणि १८४१ मध्ये रंगासाठी दाबून रिकामी करता येणारी धातूची नळी निघाली. आपल्याकडे १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेला कॅम्लिनचा कारखाना वाढत गेला आणि रंगांची पेटी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली. माझी पहिली पेटीही तीच होती. तिच्यातला पांढरा रंग सगळ्यांत आधी संपायचा. जलरंगात पांढऱ्याची जागा कागदानेच राखायची असते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

हिवाळ्यात उबदार मुलखाकडे निघालेल्या चित्रकारांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो एडवर्ड लिअर. इंग्रजी वाचणारे त्याला अर्थहीन गमतीदार कवितांचा कवी म्हणून ओळखतात. पण त्याचे पोट चित्रांवर चालत होते. जन्म १८१२ चा. अठराव्या वर्षी त्याने पोपटांच्या चित्रांचे मोठे पुस्तक हाती घेतले, तेही शक्यतो जिवंत पोपट समोर ठेवून. १८४६ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले. फेफऱ्याचा आजार, दमा आणि अधू डोळे यांनी त्याला जन्मभर छळले. इंग्लंडची थंडी सोसवत नाही म्हणून तो रोम, कॉर्फू, फ्रान्समधले कान आणि शेवटी इटलीच्या किनाऱ्यावरचे सान रेमो असा ऊन शोधत फिरला. १८७२ मध्ये तो हिंदुस्थानला निघाला आणि सुएझहूनच परत फिरला. पुढच्या वर्षी पुन्हा निघाला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक त्याचा जुना स्नेही होता, त्याचे बोलावणे होते. २२ नोव्हेंबर १८७३ ला, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कॉर्फूच्या ज्योर्जो नावाच्या आपल्या जुन्या सेवकासह तो मुंबईला उतरला.

मुंबईतले रंग पाहून तो भारावून गेला. झाडे, वेष, फळे, माणसे, सगळेच त्याला एकदम कागदावर हवे होते. तिथून तो रेल्वेने उत्तरेला गेला. मुंबई आणि कलकत्त्याकडचे रूळ १८७० मध्ये जबलपूरला जोडले गेले होते. त्या मार्गाने लखनौ, बनारस, कलकत्ता करत जानेवारी १८७४ मध्ये तो दार्जिलिंगला पोहोचला आणि त्याने कांचनगंगा रंगवली. पावसाळ्याच्या सुमारास तो आपल्या मुलखात परतला, माथेरान आणि पुणे त्याने चितारले. मग दक्षिण, मग श्रीलंका, आणि जानेवारी १८७५ मध्ये त्याने मुंबईहून परतीचे जहाज धरले. जवळजवळ चौदा महिन्यांत त्याची पाचशेहून अधिक चित्रे झाली.

लिअर गोंदियाला आला नाही. त्या काळी इकडे रूळच नव्हते. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग १८८० च्या दशकात झाला आणि गोंदियाहून जबलपूरची छोटी गाडी त्यानंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आमच्यापासून सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेकडून त्याची गाडी निघून गेली. तरी या वहीत त्याला मानाचे पान दिले आहे, ते त्याच्या कामाच्या पद्धतीमुळे.

लिअर जागेवर बसून पेन्सिलीने भराभर रेखाटन करी. रंग भरायला वेळ नसे, म्हणून आकाशात, झाडावर, पाण्यावर तो त्या त्या रंगाचे नाव लिहून ठेवी. कोपऱ्यात जागेचे नाव, तारीख आणि पुष्कळदा घड्याळातली वेळही. मग संध्याकाळी मुक्कामावर किंवा महिन्यांनी घरी परतल्यावर पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवायची आणि वर पातळ रंगाचे हात द्यायचे. रंगाखालून ती अक्षरे आजही दिसतात. चित्र पाहणाऱ्याला कळते की हा माणूस अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक झाडाखाली खरोखर बसला होता. नाटकाच्या पडद्यापासून आणि आमच्या शाळेतल्या दोन डोंगरांपासून त्याचे चित्र वेगळे होते ते इथे. त्याच्यावर जागेची आणि वेळेची सही असते.

थंडीतून उन्हाकडे गेलेल्या दुसऱ्या एका चित्रकाराचे नाव घेऊन पुढे जातो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेन राज्यात राहणारा विन्स्लो होमर १८८४ च्या हिवाळ्यात बहामा बेटांवर गेला. उत्तरेतला करडा समुद्र रंगवणाऱ्या त्या हाताला तिथे लख्ख ऊन आणि निळे-हिरवे पाणी भेटले. त्याचा जलरंग पातळ झाला, कागद जास्त मोकळा राहू लागला, चित्रात उजेड आला. नव्या मुलखात हात कसा बदलतो, हे त्याची आधीची आणि नंतरची चित्रे शेजारी ठेवली की दिसते.

आपल्याकडे हे माध्यम परके राहिले नाही. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांत मराठी चित्रकारांनी जलरंग आपलासा केला. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे हातात समई घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते तेलरंगातले असावे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगात आहे. पण निसर्गचित्राचा विषय निघाला की माझे मन कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे जाते. जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय त्यांना होता. पुढे कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडे, तोच घाट वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा रंगवला. महाराज गेल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे त्याच तलावात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. लिअर सारा देश फिरला आणि आबालाल एका तळ्याशी बसून राहिले. मला दोघेही गुरू वाटतात, आणि आमच्या जिल्ह्याला तर एका तळ्याशी बसून राहणाऱ्याची गरज अधिक आहे.

त्या तळ्यांविषयी आता सविस्तर लिहितो, कारण चित्र काढणाऱ्याने आपण काय पाहतो आहोत हे जाणून घेतले पाहिजे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव किंवा माजी मालगुजारी तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी यांतले अनेक बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन कसायला मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. जमिनीचा उतार डोळ्याने जोखायचा, पाणी कुठून येते आणि कुठे थांबवता येते ते हेरायचे आणि मातीची पाळ घालायची. पाळीखालून बांध्यांना पाणी सोडायचे तुडूम, जादा पाणी निघून जायची वाट, गावाजवळच्या छोट्या बोड्या, अशी ती सगळी घडण. आज हे तलाव नैसर्गिक वाटतात, इतकी त्यांच्यावर झाडी आणि वर्षे चढली आहेत. पण या जिल्ह्यातले निसर्गचित्र म्हणजे बहुतेक वेळा माणसाच्या हातच्या मातकामाचेच चित्र असते. पाळीची ती आडवी, किंचित वाकलेली रेघ काढताना हात आदराने चालावा, असे मला वाटते.

या सगळ्यांत मोठे नाव नवेगावबांधचे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे मानले जाते. लोकांनी पुढे त्यांना कोलासुर म्हणून देवपण दिले. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. १९७५ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांच्या लेखणीने हा तलाव, इथले पक्षी, मासेमार ढिवर आणि गोंड माणसे साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची केली. २०२५ मध्ये ते गेले. नवेगावबांधला शब्दांतला चित्रकार मिळाला. रंगांतला अजून तितक्या निष्ठेचा मिळायचा आहे, आणि ही वही काढण्यामागची खरी तळमळ तीच आहे.

हिवाळाच का, याचे पहिले उत्तर जलरंगाच्या वाळण्यात आहे. मे महिन्यात विदर्भाच्या उन्हात कुंचला कागदावरून उचलण्याआधीच रंग सुकतो, दोन रंग एकमेकांत मिसळायला सवडच मिळत नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट की एक हात वाळायला अर्धा तास जातो. हिवाळ्यात पाणी चित्रकाराचे ऐकते. सकाळी तलावाकाठी दव आणि धुके असते, तेव्हा रंग सावकाश वाळतो. आकाश आणि दूरची झाडी ओल्या कागदावर एकमेकांत सोडायला हीच वेळ. दहा-अकरानंतर हवा कोरडी होते, वाळलेल्या रंगावर दुसरा स्वच्छ हात देता येतो. पाळीवरच्या झाडांच्या कडा, डोंग्याची काळी रेघ, जाळ्याचे खांब हे तेव्हा करावे. आमच्याकडे पारा रात्री १० अंशांच्या खाली जातो, विदर्भातली सगळ्यांत थंड जागा म्हणून गोंदियाचे नाव थंडीत वरचेवर छापून येते. पण दुपारी तेच ऊन पाठीवर घेत बसावेसे वाटते. युरोपातल्या माणसाला उबेसाठी समुद्र ओलांडावा लागतो; आपल्याला पहाटेपासून दुपारपर्यंत पाळीवर बसले की दोन्ही ऋतू भेटतात.

दुसरे उत्तर रंगांचे. कार्तिकात धान कापून पुंजणी लागतात. बांध्यांत नुसती थोटके उरतात आणि त्यांचा रंग रोज थोडा थोडा उतरत जातो, सोनेरीकडून राखेकडे. खळ्याजवळ तणसाचे ढीग दिसतात. तलावात शिंगाड्याची पाने पसरलेली असतात आणि ढिवर बाया-माणसे पाण्यात उतरून शिंगाडे काढत असतात. मार्गशीर्षात धुके. सकाळी सातला समोरचा काठ नसतोच, साडेसातला एखादे झाड उगवते, आठला टेकडीची कड. पौषात ओलीवर पेरलेल्या लाखोळीला आणि जवसाला फुले येतात. जवसाचा तो पातळ निळा रंग सकाळीच पाहावा, दुपारी पाकळ्या गळतात. माघात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांकडे गोंड समाजाची यात्रा निघते, वाटा माणसांनी भरून जातात आणि रानात पळस पेटू लागतो. पळस फुलला की हिवाळ्याचे चित्र संपले आणि दुसरे सुरू झाले असे समजावे.

तिसरे उत्तर पाहुण्यांचे. हिवाळ्यात इथे चित्रकाराआधी पक्षी येऊन पोहोचलेले असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून दक्षिणेकडे येतो. चक्रवाक येतात, तलवार बदके येतात, लालसरी येते. उबदार देशी हिवाळा काढायची रीत त्यांच्यात माणसाहून फार जुनी आहे. आणि एक मोठा विलक्षण शेजार या जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. बर्फाच्या देशातून आलेली ही माणसे धानाच्या मुलखात रुजली. शेती करतात, आणि थंडी पडू लागली की यांतली अनेक कुटुंबे स्वेटर विकायला देशातल्या शहरांत जातात. ज्या दिवसांत तिबेटकडचे पक्षी आमच्या तलावांवर उतरतात, त्याच दिवसांत तिबेटी माणसे आमच्या गावाहून प्रवासाला निघतात. वसाहतीतल्या मंदिरापुढच्या पताकांचे निळे, पांढरे, तांबडे, हिरवे, पिवळे चौकोन वाऱ्यावर हलताना पाहिले की हे सगळे एकदम आठवते. चित्रात पताकांना फक्त पाच ठिपके द्यावे लागतात. ते देणाऱ्याला मात्र एवढे माहीत असावे.

सारस पाहुणा नव्हे, तो घरचा. महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यातच टिकून आहे. माणसाएवढा उंच, राखी अंग, लाल डोके, जोडीने बांध्यांतून चालणारा. परसवाड्याच्या तलावाकडे तो दिसतो. त्याच्या जवळ जाऊ नये. दूरच्या सारसासाठी कुंचल्याच्या टोकाने दोन उभे फटकारे पुरतात, आणि निसर्गचित्रात तेवढाच सारस खरा दिसतो.

चित्र काढताना कामाला येतील अशा काही गोष्टी इथे लिहून ठेवतो. पाण्यातले प्रतिबिंब वस्तूच्या थेट खाली उभे पडते. सावली मात्र सूर्याच्या उलट बाजूला तिरकी जाते. नवशिक्याच्या चित्रात या दोहोंची गल्लत होते आणि पाणी पाण्यासारखे दिसत नाही. गडद झाडाचे प्रतिबिंब झाडाहून किंचित फिके असते, उजळ आकाशाचे आकाशाहून किंचित गडद. पाण्यावरून वाऱ्याची झुळूक गेली की तिथे एक फिकी आडवी पट्टी उमटते. ती आधी कोरी राखून ठेवावी, मागून रंगवता येत नाही. धुक्याचा करडा रंग तयार मिळणाऱ्या काळ्यातून आणू नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून तो करावा, त्यात ऊब आणि गारवा हवा तसा ठेवता येतो. ऐनाच्या भेगाळलेल्या खोडालाही हेच दोन रंग, फक्त पाणी कमी. पाळीच्या मुरमाला यलो ऑकर. सुती कागद जाड घ्यावा, तो पाणी पिऊनही वाकत नाही; पण तो परवडत नसेल तर साध्या कागदावर काढावे, थांबू नये. पाटी जराशी तिरकी धरावी, म्हणजे रंग आपल्या वजनाने खाली उतरतो आणि हात एकसारखा येतो. रंगासाठी पाणी त्याच तलावातून घ्यावे. ज्या पाण्याचे चित्र, तेच पाणी कागदात, याचा मला नेहमी आनंद होतो. कुंचले धुतलेले पाणी मात्र तलावात टाकू नये.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. हातातल्या फोनमध्ये क्षणात छायाचित्र निघते. पण छायाचित्र काढून माणूस पुढे जातो, आणि जलरंगाला एका जागी दोन तास बसावे लागते. त्या दोन तासांत तलाव दिसू लागतो. पाळीवर कुठे माती ढासळली आहे, कुठल्या काठाला बेशरमची झुडपे पाण्यात शिरली आहेत, कुठे गाळ चढून तलाव उथळ झाला आहे, पूर्वी जिथे कमळे होती तिथे आता काय आहे, हे सगळे डोळ्यांत येते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जुनी जमीनदारी पद्धत संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाणी वाटायची आणि पाळ राखायची जुनी गावरीत हळूहळू सैल झाली. गेल्या काही वर्षांत अनेक गावांतल्या ढिवर समाजाने, त्यांतही बायांनी, तलावातली बेशरम उपटून, पाणवनस्पती पुन्हा लावून, माशांच्या देशी जाती परत आणण्याचे मोलाचे काम केले आहे. ते काम करणाऱ्यांना आपला तलाव पूर्वी कसा होता हे आठवणींतून शोधावे लागते. जुनी चित्रे असती तर त्यांना केवढी मदत झाली असती. तारीख, वेळ आणि जागा लिहिलेले निसर्गचित्र शंभर वर्षांनी त्या जागेचा पुरावा होते, लिअरच्या चित्रांचे तसेच झाले आहे.

शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. डिसेंबरातला एखादा शनिवार मुलांना पाळीवर घेऊन जा. पेटी नसेल तर पेन्सिल द्या आणि लिअरसारखी रंगांची नावे रेघांवर लिहू द्या. मुले आपल्या भाषेत लिहितील : तणसाचा पिवळा, शेवाळाचा हिरवा, डोंग्याचा काळा. तेही रंगच आहेत. एका वर्गातल्या चाळीस मुलांची चाळीस चित्रे वेगवेगळी निघाली, तर तो तास सार्थकी लागला असे समजा.

वाचकहो, पुढचे पान कोरे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत कधीही या. गोंदियाहून नवेगावबांध सुमारे ६५ किलोमीटर आहे. पहाटे निघालात तर धुके हटण्याआधी पाळीवर पोहोचाल. बसा, निदान दोन तास बसा, आणि चित्र पुरे झाले की खालच्या कोपऱ्यात तीन गोष्टी न विसरता लिहा : तलावाचे नाव, तारीख आणि वेळ.